भित्र्यांचा वर्ग

माझ्या मामाला गावातले निम्मे लोक मास्तर म्हणत. उरलेले निम्मे त्याला ओळखत नसत, कारण त्यांना पोहता येत नव्हतं. सार्वजनिक तलावावर त्यानं उभं आयुष्य काढलं. बुटका, खांदे मात्र दारातून आडवे जावेत इतके रुंद, भुवया क्लोरीननं पिंगट पडलेल्या, आणि गळ्यात शिट्टी. लग्नाला गेला तरी सदऱ्याच्या आत ती शिट्टी असायचीच. आमच्याकडे आला की आई त्याचा टॉवेल आधी गॅलरीत नेऊन टाकायची आणि म्हणायची, "घरात तलाव आणू नकोस." मला तो वास आवडायचा. अजूनही कुठल्या तलावावरून जाताना मी नाक वर करून चालते, आणि लोकांना वाटतं बाई आखडू आहे.

मामाचे दोन नियम होते. पहिला, पाण्याकडे पाठ करायची नाही. चहा प्यायचा तर पाण्याकडे तोंड करून, भांडायचं तर तेही पाण्याकडे बघत. तलावावरच्या वार्षिक फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतात आणि मामाचा फक्त कान दिसतो. "मी कधी पाठ केली नाही, म्हणून माझ्या पाण्यात कुणी बुडालं नाही," असं तो सांगायचा. त्यात बढाई नसायची. सकाळी दात घासतो म्हणावं, तसं सांगायचा.

दुसरा नियम भित्र्यांसाठी. त्यांचा वेगळा वर्ग तो घ्यायचा, उथळ बाजूला. रडकी मुलं, थरथरणारे हेडक्लार्क, पाण्यात बुडून मेलेल्या कुणा नातेवाइकाची गोष्ट सांगणाऱ्या बायका. मामा त्यांच्या पोटाखाली हात धरायचा आणि शेजारून चालत राहायचा. एक दिवस तो हात काढून घेतलेला असायचा, आणि ते त्या माणसाला माहीत नसायचं. मी पण त्याच वर्गातली. "मामा, हात आहे ना?" मी ओरडत होते. "आहे," मामा म्हणत होता. कठड्याला हात लावून मागे वळले तर हा बाबा आपले दोन्ही हात पाठीशी बांधून उभा! मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

"खोटारडा," मी म्हटलं.

"खोटं कुठं? मी होतो की तिथंच. हातभर अंतरावर. सांगितलं असतं, तर बुडाली असतीस."

या माणसाची एकच विद्यार्थिनी नापास झाली, ती म्हणजे मामी. ती तलावाच्या तिकीट खिडकीत बसायची. जाळीमागचा तिचा चेहरा आणि तिची फटकळ जीभ, दोन्ही गावाला पाठ होती. लग्नानंतर मामानं तिला शिकवायला घेतलं आणि ते तसंच राहून गेलं. मास्तरांच्या बायकोला पोहता येत नाही, ही आमच्या घरातली कायमची थट्टा होती. कुणी विचारलं तर मामी म्हणायची, "ह्यांना विचारा. गावाच्या खालचा हात काढतात, माझ्या खालचा काढवत नाही."

तिला कॅन्सर निघाला तेव्हा मामा निवृत्त झाला होता. तरी भित्र्यांचा वर्ग त्यानं सोडला नव्हता. तो त्याच आठवड्यात सुटला. शस्त्रक्रिया झाली, सलाइनमधून औषधं झाली, मग घरी पलंग आणि पलंगाकडे तोंड करून मामाची खुर्ची. मी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते, घरीच शिवणकाम करते, त्यामुळे दिवसातून चारदा वर जायचे. मामा ट्रे घेऊन खोलीबाहेर येताना उलट्या पावली यायचा. पाठ करायची नाही ना! दोनदा उंबऱ्याला अडखळला, एकदा कपासकट आपटला. मामी हसून हसून धापा टाकायला लागली, आणि धापा टाकतेय म्हणून मामा घाबरून पुन्हा खुर्चीत.

त्या खुर्चीत तो वाळत चालला. दाढी वाढली, रुंद खांद्यांवर सदरा हँगरवर लटकवल्यासारखा दिसायला लागला. "ते" म्हणायचा आजाराला, कॅन्सर हा शब्द त्याच्या तोंडून कधी आला नाही. मामी मात्र सरळ बोलायची. एकदा तो आंघोळीला गेला असताना तिनं माझं मनगट धरलं.

"मी जाणार ते ठरलंय गं. त्याचं मला काही नाही. पण मी गेल्यावर हे या खुर्चीतून उठणार नाहीत. रिकाम्या पलंगाकडे बघत बसतील. मला जायच्या आत ह्यांना पाण्यात बघायचंय."

"तू सांग ना त्याला."

"सांगून ऐकणारा नवरा मला कुठं मिळाला?"

याच सुमारास आमच्याकडे अभ्यासबाई आल्या. हे नाव मामानं ठेवलं. आधी त्या हॉस्पिटलात नर्स होत्या, आता एका संशोधनाचं काम करत होत्या. घरी कॅन्सरच्या रुग्णाचं सगळं करणारं जे माणूस असतं, नवरा, मुलगी, बहीण, त्या माणसाला आधार कसा द्यावा, कशानं त्याचं खरंच बरं होतं, हे शोधायचं होतं. चिठ्ठ्या टाकून घरं निवडली होती. निम्म्या घरांत बाई येऊन बसणार, निम्म्यांना सध्या नुसती माहितीची पुस्तिका मिळणार आणि भेटी नंतर.

"आजारी ती आहे," मामा म्हणाला. "अभ्यास माझा कशाला?"

"तुमचाच करायचाय, मास्तर."

"मला काय झालंय?"

"आरशात बघा," पलंगावरून मामी म्हणाली. "हो म्हणा त्यांना."

ठरलं ते असं. आठवड्यातून एकदा बाई येणार, मामीपाशी दोन तास बसणार, आणि त्या दोन तासांत मामानं घराबाहेर जायचं. औषधाच्या दुकानात नाही, भाजीला नाही, हॉस्पिटलच्या रांगेत नाही. स्वतःसाठी काहीतरी करायचं. पहिल्या भेटीत बाईंनी विचारलं, "तुम्हाला झोप कशी लागते?"

"पहाटे लागते. त्याआधी कंबर दुखते, कुशीवर वळवावं लागतं."

"ही झोप त्यांची झाली, मास्तर. तुमची?"

मामानं पलंगाकडे बघितलं. "तीच," तो म्हणाला.

पहिल्या आठवड्यात मी दुकानातून दोरे घेऊन परतत होते, तर दोन मजल्यांमधल्या वळणावर पायरीवर मामा. तोंड वर, आपल्या दाराकडे.

"इथं काय करतोस?"

"अभ्यास चालू आहे," तो कुजबुजला. "तू जा."

पुढच्या आठवड्यात मामीनं फर्मान काढलं की तलावावर जा. मामा टॉवेल, पोहायची चड्डी पिशवीत घालून निघाला. मला वाटलं, सुटलो आपण सगळे. थोड्या वेळानं मी मागच्या अंगणात कापड वाळत घालायला गेले, तर सायकली ठेवायच्या जागेशेजारच्या नळाखाली मामा वाकलेला. डोकं भिजवलं. टॉवेल भिजवला, पिळला. चड्डी भिजवली, पिळली. मन लावून, अगदी नेटकेपणानं. मला बघून ओशाळला, पण काम थांबवलं नाही.

"तिला बरं वाटतं," एवढंच म्हणाला, आणि जाऊन आपल्या पायरीवर बसला.

वेळ झाली की तो ओल्या केसांनी वर जायचा आणि मामीला तलावाच्या बातम्या द्यायचा. उडी मारायच्या फळीला नवा रंग दिला. खिडकीतली नवीन मुलगी सुट्ट्या पैशांवरून भांडते. खोल बाजूला दोरी सैल झालीय, बोलावं लागेल. थापा मारण्यात या माणसाला इतकी गती असेल असं मला वाटलं नव्हतं. अभ्यासबाई खूश होत्या, त्यांचे दोन तास लागू पडत होते. मामाची झोप सुधारली, भूक वाढली, सगळं त्याच्याच तोंडून.

मामीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. औषधांनी तिचं नाक भलतंच तिखट झालं होतं. साबण, फुलं, परतलेला कांदा, कशानंही तिला मळमळायचं. खालच्या मजल्यावर मी इस्त्री तापवली तर तिला वर कळायचं. अशा बाईला हा बाबा नळाच्या पाण्यानं फसवायला निघाला होता. ज्या नवऱ्याच्या अंगाला लग्नाच्या दिवशीसुद्धा क्लोरीनचा वास होता, त्याच्या केसांना आज कसलाच वास नाही! ती गप्प राहिली. "कधी थकतात बघू म्हटलं," ती मला नंतर म्हणाली. "थकेनात. मग माझाच धीर सुटला."

त्या दिवशी बाई निघायच्या तयारीत चपला घालत होत्या. मी कुठलीशी उशी बदलत होते. मामा ओला टॉवेल खांद्यावर टाकून आत आला.

"खाली वाका," मामी म्हणाली.

मामा वाकला. तिनं त्याच्या केसांत नाक खुपसलं.

"नळाचं पाणी."

मामाचे कान लाल झाले. बाईंनी पायातली चप्पल काढली आणि परत आत येऊन बसल्या. रागावल्या नव्हत्या. "मास्तर, कुठं जात होता?" त्यांनी विचारलं.

"पायरीवर."

"का?"

मामानं ओला टॉवेल खांद्यावरून काढून हातात घेतला. "पाठ केली की माणूस बुडतं," तो म्हणाला. "मी नसताना हिचं काही झालं तर?"

"तुम्ही बघत असलात तरी मी बुडणारच आहे," मामी म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही तिनं. "हे पाणी तुमच्या तलावातलं नाही. इथं शिट्टी चालत नाही. भित्र्यांना कसं शिकवता हो तुम्ही? हात काढल्याचं सांगता त्यांना?"

"नाही."

"का?"

"बुडतात."

"आणि विचारलं की आहे म्हणता."

"असतोच की मी. हातभर अंतरावर."

"मग मी पण आहे. जा." तिला धाप लागली. थांबून पुन्हा म्हणाली, "सगळ्या गावाच्या भित्र्यांचा वर्ग घेता, आणि सगळ्यात मोठे भित्रे तुम्हीच."

मामा ढसाढसा रडला. मी त्याला रडताना पहिल्यांदा पाहत होते आणि कुठं बघावं मला कळेना, म्हणून मी उशीचा अभ्रा चढवला, काढला, पुन्हा चढवला. बाईंना मात्र हे नवं नव्हतं. त्यांनी त्याला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "मला हे आधीच्या थापांपेक्षा जास्त उपयोगी आहे, मास्तर. इतर घरांतही लोक पायऱ्यांवरच बसत असतील, आणि मी समजत असेन की फिरायला गेलेत."

पुढच्या आठवड्यात तो खरंच गेला. पहिल्या काही पायऱ्या उलट्या उतरला, मग कठडा धरून वळला. परत आला तो वास जिन्यातच कळला मला. मामीनं त्याला वाकवलं, केस हुंगले, आणि कितीतरी वेळ त्याचं डोकं सोडलंच नाही. जगातल्या सगळ्या वासांनी मळमळणाऱ्या बाईला तो एक वास चालला. टॉवेल गॅलरीत टाकू दिला नाही तिनं. पलंगाच्या पायथ्याशी, दांड्यावर लटकवायला लावला, आणि तो तिथंच वाळत राहिला.

हळूहळू मामा माणसात आला. त्या एका दिवसासाठी त्यानं भित्र्यांचा वर्ग पुन्हा सुरू केला. दाढी करायला लागला. घरी येऊन एखाद्या हेडक्लार्कला शिव्या घालायला लागला, की बेटा पाण्यात उतरताना चष्मा काढत नाही. मामी डोळे मिटून ऐकायची आणि मधेच म्हणायची, "त्याचं तिकीट मी फाडलंय. बायको आणखी घाबरट आहे त्याची." एकदा तिनं अभ्यासबाईंना विचारलं, "तुला गं पोहता येतं?" बाई म्हणाल्या, "छे, मला टबाचीसुद्धा भीती वाटते." मामीनं मामाकडे बघितलं. "हिचा अभ्यास तुम्ही करा," ती म्हणाली.

पुढे वर्ग लवकर भरायला लागला, आणि बाईंची बस तर उशिराच यायची. त्यामुळे मामा आधी निघे, बाई मागून येत, आणि तो परतेपर्यंत त्या गेलेल्या असत. मधल्या वेळात मी वर बसलेली असायची. मग थंडी सुरू व्हायच्या आधी बाईंच्या ठरलेल्या भेटी संपल्या. काही महिन्यांनी एकदा शेवटचे प्रश्न विचारायला यायचं, तेवढं उरलं होतं. त्या मामीला म्हणाल्या, "अभ्यास संपला तरी मी अशीच येईन."

"नको. येऊ नकोस," मामी म्हणाली. "आणि ह्यांना सांगू नकोस."

"मी खोटं नाही बोलणार. त्यांनी विचारलं तर सांगेन."

"विचारतील कशाला? तुला बघतात कुठं ते?"

मी चिडले. एकटीला कसं सोडायचं? तर मामी माझ्यावरच डाफरली. "तू खाली आहेस ना? मला काठी देऊन ठेव, जमिनीवर आपटीन. अगं, ते पोहतात ते इथं कुणीतरी बसलंय म्हणून. मला कुणी न बसता पोहायला हवेत. आणि खरं सांगू? कुणीही माझ्याकडे बघत नाहीये असे दोन तास मला पण हवेत. आजारी माणसाकडे सारखं बघतात गं लोक. जीव नकोसा होतो."

काठी दिली. त्या दोन तासांत मी शिवणयंत्राला हात लावत नसे, दार उघडं टाकून कान वर करून बसे. दर आठवड्याला मामा टॉवेल घेऊन उभा राहायचा आणि मामी म्हणायची, "निघा तुम्ही, बाई येतीलच." मामा निघाला की मी खाली यायचे, आणि तो परतायच्या आत पुन्हा वर. काठी एकदाच वाजली. मी चपलाही न घालता धावत वर गेले, तर मामी म्हणते, "खिडकी उघड. आज वारा इकडचा आहे." खिडकी उघडली. दोन रस्ते पलीकडून मामाची शिट्टी ऐकू येत होती. आम्ही दोघी ऐकत बसलो. मला आजही त्या लबाडीचा पश्चात्ताप नाही.

मामी गेली ती सकाळी, वर्गाचा दिवस नव्हता. मामा जवळ होता, तोंड तिच्याकडे होतं, तिचा हात त्याच्या हातात होता. फार त्रास झाला नाही तिला. मला झाला, अजून होतो.

आणि मग तिला ज्याची भीती होती तेच झालं. मामा खुर्चीत बसला. समोर रिकामा पलंग, दांड्यावर वाळून कडक झालेला टॉवेल. वर्गाचा दिवस आला, गेला. दुसरा आला, तोही गेला. मी बोलून बघितलं, ओरडून बघितलं. "कशाला जाऊ?" तो म्हणायचा. "घरी कोण आहे?" मामीचा सगळा खटाटोप फुकट गेला असं मला वाटायला लागलं होतं.

तेव्हा अभ्यासबाई शेवटचे प्रश्न घेऊन आल्या. मामा खुर्चीतून अर्धवट उठला. "बाई, तुमचे उपकार आहेत," तो म्हणाला. "शेवटपर्यंत येत राहिलात. त्या कडाक्याच्या थंडीत तर बस तरी मिळत होती का?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "माझ्या भेटी थंडीच्या आधीच संपल्या होत्या."

"मग कोण बसायचं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "मी खाली होते. तिच्याजवळ काठी होती."

मामा उठला तो खुर्ची आडवी पडली. मला काय काय बोलला ते इथं सांगत नाही, पण ठेवणीतलं सगळं बाहेर आलं. एकटी! एवढ्या आजारी बाईला एकटं ठेवलं! तिनंच ठेवायला लावलं, मी म्हटलं. दर आठवड्याला बाई येतील म्हणून तीच सांगत होती ना तुला? तो बोलता बोलता थांबला. पलंगाच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. रडत होताच, पण हसतही होता.

"हात काढला होता," तो म्हणाला. "काढून घेतला होता आणि मला आहे म्हणत होती."

"सांगितलं असतं तर गेला असतास?"

"बुडालो असतो."

त्यानं खुर्ची उचलली, भिंतीला लावली, आणि तो पलंगाच्या कडेवर बसला. बाईंनी प्रश्न सुरू केले. झोप? या वेळी त्यानं स्वतःची सांगितली, लागत नाही म्हणून. भूक? नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "या सगळ्या काळात तुम्हाला सगळ्यात जास्त आधार कुणाचा झाला?"

"पेशंटचा," मामा म्हणाला.

बाईंचं पेन थांबलं. कागदावरच्या छापील उत्तरांत नातेवाईक होते, शेजारी होते, डॉक्टर होते, खुद्द बाई होत्या. पेशंट नव्हता. त्यांनी समासात लिहून घेतलं आणि डोळे पुसले.

"तिनं तुमचा अभ्यास माझ्यावर सोपवलाय," मामा त्यांना म्हणाला. "कधी येताय?"

पुढच्या आठवड्यात मी तलावावर बाकावर बसले होते. तिकीट खिडकीत ती भांडकुदळ मुलगी होती. ती खरीच होती तर. मामाच्या खांद्यावर दांड्यावरचा टॉवेल, गळ्यात शिट्टी. उथळ पाण्यात कमरेइतका उभा राहून तो बाईंच्या शेजारून चालत होता, आणि बाई डोळे गच्च मिटून, मान उंच काढून, जिवाच्या आकांतानं हातपाय मारत होत्या.

"मास्तर, हात आहे ना?"

"आहे," मामा म्हणाला.

त्याचे दोन्ही हात पाठीशी होते.